सजग स्वप्न

आपण स्वप्न पाहत आहोत हे ते चालू असतानाच उमगते, अशा स्वप्नाला सजग स्वप्न म्हणतात. ‘ल्युसिड ड्रीम’ हे नावही सर्रास वापरले जाते. स्वप्नावर ताबा असणे ही त्याची अट नाही. जाणीव आहे, पण समोरचे दार काही केल्या उघडत नाही, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना असे स्वप्न आयुष्यात एकदा तरी पडते आणि साधारण २३ टक्क्यांना ते महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडते.

तिबेटी बौद्ध परंपरेतील, नारोपा या भारतीय सिद्धाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांत स्वप्नयोगाचा समावेश आहे. तिथे हेतू करमणुकीचा नसून दृश्यांचे मायिक रूप ओळखण्याचा आहे. डच मनोचिकित्सक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये आपल्या अशा स्वप्नांचे वर्णन प्रसिद्ध केले. तरीही ही झोपेतली नव्हे, मध्येच आलेल्या क्षणिक जागेपणातली गोष्ट असावी, अशी शंका बराच काळ घेतली जाई. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ती खोडून काढली. रेम निद्रेत, म्हणजे डोळे झपाट्याने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात त्या झोपेच्या अवस्थेत, शरीराचे बहुतेक स्नायू निपचित असतात, डोळ्यांचे मात्र नसतात. ॲलन वर्स्ली या स्वप्नकर्त्याने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. त्याच वेळी इतर नोंदी रेम निद्राच दाखवत होत्या. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना साधी गणिते विचारून काहींकडून डोळ्यांच्या खुणांनी बरोबर उत्तरेही मिळवली.

शिकताना सर्वांत जास्त फरक पडतो तो वेळेने. पहिली रेम अवस्था झोप लागल्यावर सुमारे ९० मिनिटांनी येते आणि थोडाच वेळ टिकते. पहाटेच्या अवस्था अर्ध्या तासाहूनही लांबतात. म्हणून रात्री अंथरुणावर पडताना केलेली मेहनत बहुधा वाया जाते. साडेचार ते सहा तासांच्या झोपेनंतर गजर लावून उठावे, मंद प्रकाशात २० ते ४० मिनिटे जागे राहावे आणि पुन्हा झोपावे. जाग फार थोडी झाली तर मनात धरलेला संकल्प झोपेत विरतो. फार लांबली किंवा मोबाइल हातात घेतला तर झोपच उडते. नेमका कालावधी ज्याने त्याने ठरवायचा.

त्याआधी स्वप्ने आठवायला हवीत. सजग स्वप्न पडूनही सकाळी विसरले गेले, असेही होऊ शकते. जाग आल्यावर हलू नये, डोळे मिटलेलेच ठेवावेत आणि शेवटच्या दृश्यापासून मागे मागे जावे. मग उशाशी ठेवलेल्या वहीत चार-दोन शब्द टिपावेत. सविस्तर नंतर लिहिता येते. रोज निदान एक स्वप्न आठवू लागले की पुढची पायरी. वहीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील: जुनी शाळा, चुकलेली गाडी, मृत नातेवाईक. या आपल्या स्वप्नखुणा.

लाबर्ज यांची ‘माइल्ड’ (संकल्प लक्षात ठेवून सजग स्वप्न आणण्याची) पद्धत या खुणांवरच उभी आहे. पहाटे जाग आल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली एक खूण निवडायची आणि त्या प्रसंगात परत शिरून ‘अरे, हे तर स्वप्न!’ असे ओळखत असल्याची कल्पना करायची. सोबत ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला लक्षात येईल’ हा संकल्प मनाशी म्हणायचा. झोप लागेपर्यंत कल्पना आणि संकल्प आळीपाळीने चालू राहतात. बहुतेक जण इथेच फसतात: वाक्य माळ ओढल्यासारखे म्हटले जाते आणि मन भलतीकडेच भटकते. झोपेत शिरतानाचा शेवटचा विचार हाच असला पाहिजे. डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, ही पद्धत केल्यावर पाच मिनिटांच्या आत झोप लागली तेव्हा जवळपास निम्मे प्रयत्न यशस्वी ठरले.

दिवसभरातल्या वास्तव-तपासण्यांचा, म्हणजे ‘हे स्वप्न तर नाही ना’ हे ताडून पाहण्याच्या युक्त्यांचा, गवगवा बराच होतो, पण एकट्या त्यांच्यावर विसंबून फारसे हाती लागत नाही. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणे ही त्यांतली सर्वांत भरवशाची. स्वप्नात श्वास चालूच राहतो. मजकूर वाचून नजर हटवून पुन्हा वाचावा. स्वप्नात तो सहसा बदलतो. ‘मी जागाच आहे’ हे गृहीत धरून केलेली तपासणी स्वप्नातही तेच उत्तर देते. जागेपणातून थेट स्वप्नात शिरण्याची पद्धतही आहे, पण ती अवघड. तिच्यात अंग जड होणे, कानात गुणगुणणे, कधी शरीर जखडल्यासारखे वाटणे, असे प्रकार होतात. ते भीतिदायक वाटले तरी आपोआप ओसरतात.

जाणीव आली की खरी कसोटी सुरू होते. पहिले सजग स्वप्न बहुधा काही सेकंदांत संपते, कारण आनंदाने धडधड वाढते आणि जाग येते. तेव्हा आधी उडायला जाऊ नये. थांबून आसपास पाहावे. दृश्य फिके पडू लागले की स्वप्नातले तळहात एकमेकांवर जोरात घासावेत किंवा हात पसरून जागच्या जागी गिरकी घ्यावी. लाबर्ज यांनी या उपायांची तुलना केली तेव्हा गिरकी सर्वांत प्रभावी ठरली, हात घासणे त्याखालोखाल. नुसते स्वप्नासोबत वाहत राहणाऱ्यांना बहुधा जाग आली. स्वप्नातल्या शरीराच्या संवेदनांनी लक्ष व्यापले की गादीवरच्या शरीराची जाणीव डोके वर काढत नाही, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. स्वप्न विरताना आधी दृश्य जाते, स्पर्श मागून जातो. म्हणून काळोख झाला तरी गिरकी सोडू नये. बरेचदा नवे दृश्य उभे राहते. एकाच वस्तूवर नजर रोखणे आणि ‘मी अंथरुणात कसा पडलो आहे’ हा विचार, दोन्ही घातक. उलट धोकाही आहे. स्वप्न टिकते, पण त्यातल्या भानगडीत गुंतून जाणीवच हरवते. त्यासाठी थोड्या थोड्या वेळाने ‘हे स्वप्न आहे’ असे मोठ्याने म्हणावे.

तरी जाग आलीच तर हालचाल न करता, डोळे न उघडता तेच दृश्य मनात धरावे; काही क्षणांत परत शिरता येते. खोटी जागही ओळखायला हवी: आपण उठलो, दात घासले, आणि तेही स्वप्नच! म्हणून प्रत्येक वेळी जाग आल्यावर नाकाची तपासणी करावी.

गॅलँटामीन या स्मृतिभ्रंशावरील औषधाने शक्यता वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ जणांच्या प्रयोगात पहाटेची जाग आणि माइल्ड यांच्या जोडीला निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना, ४ मिलिग्रॅमवर २७ टक्क्यांना आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्क्यांना सजग स्वप्न पडले. मळमळ आणि निद्रानाश हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

गजराचा सराव आठवड्यात एक-दोन रात्री, दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येईल तेव्हाच करावा. रोज केल्यास झोपेची तूट साचते. निद्रानाश असलेल्यांनी, तसेच भ्रम किंवा मनोविकृतीचा त्रास झालेल्यांनी हा नाद टाळावा. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर मात्र काही मानसोपचारतज्ज्ञ याचा उपयोग करतात.