खुलासा : शाळेत स्काउट पथक नेमके कधीपासून?

नागपुरात शाळांच्या स्मरणिकांत एक वाक्य हमखास भेटते : ‘1909 साली बेडन-पॉवेल यांनी भारतीय मुलांसाठी स्काउट चळवळ सुरू केली.’ बेडन-पॉवेल हे स्काउट चळवळीचे इंग्रज संस्थापक; पण या वाक्यातले साल बरोबर, बाकी चूक. 1909चे पथक बंगळुरूत कॅप्टन बेकर यांनी काढले, आणि ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना दार बंदच होते.

ते उघडले आपल्याच माणसांनी, आणि हे विसरले जाते याचे वाईट वाटते. श्रीराम वाजपेयींनी शाहजहानपूरसारख्या लहान शहरात 1913च्या सुमारास स्वतंत्र पथक उभे केले. 1917 साली मद्रासेत ॲनी बेझंट यांची स्काउट संघटना आली, 1918 साली अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना. बेझंट यांची संघटना 1921 साली बेडन-पॉवेल यांच्या संघटनेत मिळाली. सेवा समिती वेगळीच राहिली. मुलींचे पहिले गाइड पथक तर 1911 साली जबलपूरला निघाले, तेव्हा नागपूर ज्याची राजधानी होते त्याच मध्य प्रांतात.

शाळेच्या पथकाचे साल ठरवताना जुन्या दाखल्यावरचे संघटनेचे नाव पाहा. ‘सेवा समिती’ असेल तर 1918 किंवा नंतरचे, ‘हिंदुस्थान स्काउट’ असेल तर 1938 किंवा नंतरचे. ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ हे नाव वेगवेगळ्या स्काउट संघटनांच्या 7 नोव्हेंबर 1950च्या विलीनीकरणातून आले. घोळ इथेच होतो : विलीनीकरणानंतरची नोंद पथकाची स्थापना समजली जाते आणि आधीची वर्षे पुसली जातात.