विजोड व भडक मोजे (कार्यालयीन पोशाखातील)

विजोड व भडक मोजे : सूट, टाय किंवा तत्सम कार्यालयीन पोशाखाखाली ठळक रंगांचे, नक्षीचे अथवा दोन पायांत दोन वेगळे मोजे मुद्दाम घालण्याची प्रथा. व्याख्येत ‘मुद्दाम’ हा शब्द हवाच. सकाळच्या घाईत एक काळा आणि एक गडद निळा मोजा पायांत चढला, तर ती नुसती चूक होय. भडक मोजे आणि विजोड मोजे यांचा उल्लेख बहुधा एका दमात होतो, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘मोजा’ हा शब्द फार्सी असून तिथे तो गुडघ्याकडे चढणाऱ्या बुटालाही लावतात. मराठीने तो थेट हातालाही लावला (हातमोजे). ‘विजोड’ हे विशेषण मराठीत एरवी लग्नाच्या बोलण्यात येते. ज्या वस्तूची मोजणीच ‘जोड’ या एककाने होते, तिला ते इतके चपखल बसावे हा योगायोगच.

रूढ नियम सर्वपरिचित आहे : मोजा बुटाशी नव्हे, तर विजारीच्या रंगाशी जुळावा आणि बसल्यावर नडगी दिसणार नाही इतका पोटरीवर चढावा. प्रस्तुत प्रथा यांपैकी पहिला अर्धा नियम मोडते, दुसरा सहसा पाळते.

मध्ययुगीन पूर्वज : चौदाव्या शतकापासून यूरोपात दोन पायांना दोन रंगांचे पायघोळ मोजे घालण्याची चाल होती. या पोशाखपद्धतीला ‘मी-पार्ती’ म्हणतात आणि तिचा संबंध सामान्यतः सरदार घराण्यांच्या कुलचिन्हांतील रंगविभागणीशी जोडतात. तथापि त्या काळच्या शिवणकामाकडे पाहिल्यास कारण अधिक साधे असावे, असे वाटते. हे मोजे विणलेले नसत. कापड उरेब (ताण्याबाण्याला तिरपे) कापून प्रत्येक पायाचा मोजा स्वतंत्र शिवत आणि वरच्या बंडीला नाड्यांनी बांधत. दोन्ही पाय कमरेपाशी जोडून एकच वस्त्र करण्याची रीत नंतरची. पाय मुळात सुटेच असल्यावर दोन रंग वापरण्यात तांत्रिक अडचण काहीच नव्हती.

व्हेनिसमध्ये सु. १४०० पासून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उमराव घराण्यांतील तरुणांच्या ‘कोंपान्यीए देल्ला काल्त्सा’ म्हणजे अक्षरशः ‘मोज्यांच्या मंडळ्या’ होत्या. प्रत्येक मंडळीची रंगांची व भरतकामाची खूण मोज्यावर असे. व्हित्तोरे कार्पाच्चोच्या चित्रांत अशा पोशाखातले तरुण दिसतात. आजच्या विजोड मोज्यांचे मूळ इथे शोधण्याचा मोह लोकप्रिय लेखनात आढळतो. पण व्हेनिसमधील मोजा मंडळीचा सभासद ओळखू यावा म्हणून होता, म्हणजे तो गणवेशच होता. आजचा विजोड मोजा गणवेशातून बाहेर पडण्यासाठी असतो. शिवाय सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत ही परंपरा चालू राहिल्याची साखळी जुळत नाही. तेव्हा हे साम्य वरवरचे मानणेच बरे.

‘ब्लूस्टॉकिंग’चा वाद : इंग्रजीत विदुषीला उपहासाने दिलेल्या या नावाची उत्पत्तीही एका मोज्याकडे जाते. सु. १७५० नंतर लंडनमधील एलिझाबेथ माँटेग्यू, एलिझाबेथ व्हीझी आदी स्त्रियांच्या बैठकींना बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हा वनस्पतिज्ञ संध्याकाळच्या शिष्टसंमत काळ्या रेशमी मोज्यांऐवजी रोजच्या वापराचे निळे लोकरी मोजे घालून येई, असे चरित्रकार जेम्स बॉझवेल वगैरे समकालीन सांगतात. नाव नेमके कोणी पाडले, याविषयी एकवाक्यता नाही. काही जण ॲडमिरल बॉस्कावेन याचे नाव घेतात. एकोणिसाव्या शतकातील काही लेखकांनी हा शब्द वर उल्लेखिलेल्या व्हेनिशियन मंडळ्यांपर्यंत मागे नेला, पण त्याला आधार क्षीण आहे. प्रस्तुत विषयापुरता मुद्दा इतकाच, की शिष्ट पोशाखात चुकीचा मोजा घालूनही माणसाला बैठकीत मान राहू शकतो, याचे हे जुने उदाहरण आहे. स्टिलिंगफ्लीटचा मोजा भडक नव्हता. तो गरिबाचा होता.

आर्गाइल नक्षी : भडक मोज्यांची खरी वाट स्कॉटलंडमधून येते. शंकरपाळीच्या आकाराचे रंगीत चौकोन आणि त्यांवरून तिरप्या जाणाऱ्या बारीक रेघा अशी ही नक्षी पश्चिम स्कॉटलंडमधील आर्गाइल प्रदेशाच्या कँबेल घराण्याच्या टार्टनवरून (रंगीत चौकड्याच्या लोकरी कापडावरून) निघाली, असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. शंकरपाळीचा आकार समजण्यासारखा आहे : चौकड्याचे कापड उरेब कापून मोजा शिवला, की चौकडा आपोआप टोकावर उभा राहतो, आणि हायलँडमधील (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील) जुने मोजे असेच शिवत. हायलँड पलटणींचे लाल-पांढरे मोजेही याच घडणीतले. मात्र एका घराण्याचा एकच टार्टन ही कल्पना बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जने एडिंबरोला दिलेल्या भेटीच्या सुमारास, घट्ट झाली. त्यामुळे आकाराचे मूळ हायलँडमध्ये आणि नावाचे मूळ बहुधा पुढच्या काळातील व्यापारात, असा मध्यम पक्ष स्वीकारार्ह वाटतो.

विणकामात ही नक्षी आणणे सोपे नव्हते. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधील कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट तयार केली (पहिल्या एलिझाबेथने तिचे पेटंट नाकारल्याची कथा परंपरेने चालत आलेली आहे), पण त्यावर मुख्यतः एकरंगी काम होई. खऱ्या आर्गाइलमध्ये ‘इंटार्सिया’ पद्धतीने प्रत्येक शंकरपाळीला स्वतंत्र धागा लागतो. त्यासाठी गोल यंत्राचे नळकांडे पूर्ण फेरा न घेता पुढे-मागे झुलते आणि मोज्याला मागून शिवण घालावी लागते. आजचे बहुतेक स्वस्त नक्षीदार मोजे असे नसतात. त्यांत नको असलेला रंग आतल्या बाजूने सोडून देतात. असा मोजा उलटा केला, की आत सुट्या धाग्यांचे जाळे दिसते. हे धागे कापलेले नसतील तर मोजा चढवताना अंगठा त्यांत अडकतो. फार आखूड कापले तर दोन-चार धुण्यांत नक्षी उसवू लागते. यंत्राला सुया जितक्या जास्त तितकी वीण बारीक : सुटाखालच्या पातळ मोज्याला १६८ ते २०० सुयांचे यंत्र लागते, जाड वापराच्या मोज्याला त्याहून कमी सुया चालतात. मोजा भडक असूनही कार्यालयात खपतो तो पुष्कळदा या बारीक विणीमुळे.

मैदानातून कार्यालयात : १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने (पुढे आठवा एडवर्ड व ड्यूक ऑफ विंडसर) गुडघ्याखाली चुणलेल्या गोल्फच्या विजारीबरोबर नक्षीचे मोजे घालून ते फॅशनमध्ये आणले. तिथून ते अमेरिकी महाविद्यालयांत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कार्यालयांत शिरले. याच सुमारास, १९५० च्या दशकात, इंग्लंडमधील ‘टेडी बॉय’ तरुणांनी लांब कोटाखाली झगझगीत मोजे वापरले. मात्र तो कामगारवर्गाचा शौक होता आणि कार्यालयाने तो उचलला नाही. धर्मसत्तेच्या पोशाखातून एक वेगळा ओघ येतो. रोममधील १७९८ पासूनच्या गाम्मारेल्ली या शिंप्यांच्या दुकानात कार्डिनलांसाठी लाल मोजे मिळतात. फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर बालादुर यांचे लाल मोजे तिथलेच म्हणून प्रसिद्ध झाले.

एकविसाव्या शतकात प्रथा पसरली, ती इतर गोष्टी सुटल्यामुळे. टाय मागे पडला, विजारीचे पाय अरुंद आणि आखूड झाले, बसल्यावर घोटा उघडा पडू लागला. स्वीडनमध्ये २००८ मध्ये निघालेल्या हॅपी सॉक्स या कंपनीने नक्षीदार मोजा भेटवस्तू म्हणून रुळवला. त्याआधी २००४ च्या सुमारास अमेरिकेत लिटल मिसमॅच्ड या कंपनीने मुलींसाठी एकमेकांशी न जुळणारे मोजे तीन-तीनच्या पुड्यात विकायला सुरुवात केली होती. विजोड मोजा प्रौढांकडे बराचसा या मुलांच्या बाजारातून आला असावा. कलावंतांत मात्र तो जुना आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी चांगल्या सुटाखाली दोन रंगांचे मोजे कित्येक दशके घालत आले.

राजकारणातील दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश उतारवयात चाकांच्या खुर्चीत असत. बसलेल्या माणसाचे पाय छायाचित्रात पुढे येतात, आणि बुश यांनी त्या जागेचा रंगीत मोज्यांसाठी पुरेपूर उपयोग केला. एप्रिल २०१८ मध्ये पत्नीच्या अंत्यविधीला त्यांनी पुस्तकांची चित्रे असलेले मोजे घातले. बार्बरा बुश यांनी साक्षरतेसाठी काम केले होते. त्याच वर्षअखेर त्यांचे स्वतःचे दफन लढाऊ विमानांचा ताफा असलेल्या मोज्यांत झाले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाचे वैमानिक होते. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी मे २०१७ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांच्या भेटीत दोन पायांवर दोन वेगळ्या चित्रपटीय यंत्रमानवांचे मोजे घातले आणि त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या नाटो बैठकीत एक गुलाबी व एक निळा मोजा घातला, दोन्हींवर नाटोचे चिन्ह. असे मोजे कारखान्यातूनच विजोड जोड म्हणून येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे बंडखोरीचे प्रमाण बेताचे वाटते.

अर्थ : सिल्व्हिया बेलेझा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, शिष्टाचार मोडणाऱ्या व्यक्तीला पाहणारे अनेकदा अधिक दर्जाची व सक्षम समजतात, मात्र ती तो जाणूनबुजून मोडते आहे असे त्यांना वाटले पाहिजे. हे संशोधन मोज्यांवर नव्हते (त्यात लाल कॅनव्हास बूट आणि लाल बो-टाय होते), तरी निष्कर्ष इथे लागू पडतो. काळ्या-निळ्याची जोडी फसते आणि गुलाबी-निळ्याची खपते, ती यामुळेच. एक गोष्ट या विषयावरील लेखनात क्वचितच येते : कारकुनाचा गुलाबी मोजा आणि संचालकाचा गुलाबी मोजा पाहणारे डोळे एक नसतात.

जागृतीचे दिवस : २१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. संयुक्त राष्ट्रे तो २०१२ पासून पाळतात. सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्रांच्या जोड्या मोज्यांसारख्या दिसतात, यावरून त्या दिवशी विजोड मोजे घालण्याची मोहीम सुरू झाली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरातील दादागिरीविरोधी सप्ताहातही असा एक दिवस असतो. एरवी विजोड मोजे न चालणाऱ्या कार्यालयांत या दिवशी ते चालतात.

भारतात : बलेंझियासारख्या देशी कंपन्या परवानाधारक चित्रांचे मोजे विकतात. पण उकाडा आणि चपला-सँडल यांमुळे मोजा मुख्यतः बँका, विक्री आणि मोठ्या कंपन्यांपुरता राहतो. महाराष्ट्रात त्याला एक वेगळा प्रेक्षक आहे. पाश्चात्त्य कार्यालयात मोज्याची दोन-तीन बोटे रुंदीची पट्टीच दिसते. इथे सहकाऱ्याच्या घरी सत्यनारायणाला किंवा बूट बाहेर काढून शिरायच्या छोट्या कार्यालयात गेले, की टाच, चवडा आणि अंगठ्याजवळचे भोक यांसह तो अख्खा सतरंजीवर येतो.