मान थबकते तो क्षण

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली की आधी चिखलातून तिवरांची श्वासमुळं वर येतात, मग त्यांच्यामधले पाण्याचे पट्टे अरुंद होत जातात. काजळी नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं आणि त्याच्यासोबत निघालेली बोय माशाची पिल्लं, कोळंबी या उथळ पट्ट्यांत कोंडली जातात. बगळे कांदळवनात बसून याचीच वाट बघत असतात. पाणी वीतभर उरलं की एकेक करून खाली उतरतात.

त्यांतला मला सगळ्यांत प्रिय समुद्र बगळा. अंगानं लहान बगळ्याएवढाच, पण चोच जाडसर आणि किंचित वाकलेली. एकाच जातीत दोन रंग: काही पक्षी पाटीसारखे करडे, गळ्याशी पांढरा डाग असलेले, तर काही पांढरेशुभ्र. त्यानं मासा पकडला तो नेमका क्षण टिपायचा, या ध्यासानं मी गेले कित्येक हिवाळे या खाडीवर येतो आहे.

पहिली दोन वर्षं माझ्याकडे फक्त शिंतोड्यांचे फोटो जमले. त्यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं ठरवलं आणि बोट हललं, एवढ्याला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. सेकंदाला २० फ्रेम टिपणारा कॅमेरा असला तरी तेवढ्यात ४ फ्रेम निघून गेलेल्या असतात, आणि बगळ्याचं काम त्यातच उरकतं. चोच सुटलेली पाहून बटण दाबणाऱ्याला तो क्षण कधीच मिळायचा नाही. चोच सुटण्याआधी काय घडतं ते ओळखायला हवं. आणि आधी जे घडतं, ते मला त्या झडपेपेक्षाही विलक्षण वाटतं.

बगळ्याचे डोळे हवेत असतात आणि मासा पाण्यात. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे अगदी वरून पाहिलं तर १२ सेंटिमीटर खोल असलेला मासा ९ सेंटिमीटरवर दिसतो. भरलेल्या विहिरीचा तळ हाताशी आल्यासारखा वाटतो, तो याच कारणानं. तिरकं पाहिलं तर वस्तू आणखी वर उचलल्यासारखी दिसते, आणि बगळा बहुतेक वेळा तिरकंच पाहत असतो. मासा दिसतो तिथेच त्यानं चोच मारली तर ती माशाच्या वरून जाईल. पाग टाकणाऱ्याचं जाळं पाण्यावर गोल पसरतं, त्यामुळे त्याला वीतभर इकडेतिकडे झालेलं चालून जातं. बगळ्याकडे चोचीचं एक टोक असतं.

गादी कात्झिर आणि नेथन इंट्रेटर या इस्रायली संशोधकांनी हाच प्रश्न हाती घेतला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांतला पक्षी होता हाच, आपला समुद्र बगळा. त्यांनी पक्ष्याच्या डोक्याची प्रत्येक हालचाल मोजली. झडप घालण्याआधी बगळा डोकं हळूहळू एका जागी आणतो आणि तिथून एकदम वेग घेतो. ती जागा वाटेल तशी निवडलेली नसते. माशाची खरी खोली आणि डोळ्याला दिसणारी खोली यांचं प्रमाण जिथे कायम राहील, अशा ठिकाणी पक्षी डोकं आणू पाहतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे दर वेळी नव्यानं हिशेब करायला नको, डोकं बरोबर जागी नेलं की बाकीचं ठरलेलं. पुढच्या अभ्यासात त्यांनी पाण्यात स्थिर ठेवलेल्या माशांवरचे चुकलेले नेम तपासले. त्यांत डोकंच त्या जागेपासून ढळलेलं आढळलं.

हे वाचल्यावर माझं खाडीवरचं बसणंच बदललं. मी चोचीकडे पाहणं सोडलं आणि मानेकडे पाहू लागलो. चालता चालता बगळ्याचा पाय मध्येच उचललेला राहतो. मान पुढे सरकते, थोडी डावीकडे, थोडी खाली, सुईत दोरा ओवताना आपला हात सरकतो तशी. मग ती थबकते. पाणी वाहत असतं, वाऱ्यानं पाठीवरची पिसं हलत असतात, आणि डोकं मात्र खिळ्यानं ठोकल्यासारखं. बटण दाबायचं ते इथे, आणि दाबून धरायचं. काही मिररलेस कॅमेऱ्यांत पूर्ण बटण दाबण्याआधीच्या फ्रेमही साठवून ठेवण्याची सोय आली आहे. ती उपयोगी आहेच. पण मान वाचता येणाऱ्याला जुना कॅमेराही पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

त्या मानेची घडणही पाहण्यासारखी असते. आपल्या मानेत ७ मणके, बगळ्याच्या मानेत वीसेक. त्यांतला सहावा मणका लांबट असल्यानं मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. झडपेच्या वेळी हा बाक एकदम सरळ होतो आणि डोकं पुढे फेकलं जातं, पण धड जवळजवळ जागच्या जागी राहतं.

चोचीचं टोक सेकंदाला ३ मीटर या वेगानं चाललंय असं धरा. सेकंदाच्या १/५०० शटरला ते तेवढ्यात ६ मिलिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत टोक पुसट. १/३२०० ला सरकणं १ मिलिमीटरच्याही आत येतं आणि उडालेला थेंब न् थेंब वेगळा दिसतो. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवावी लागली तर खुशाल वाढवावी. उघड्या चिखलाच्या काळोख्या पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर जरा खाली आणावं, नाहीतर पिसांचे सगळे बारकावे जळतात.

चकाकीचा त्रास आपल्याला होतो तसा बगळ्यालाही होतो. १९७३ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या निळ्या बगळ्याबद्दल एक टिपण आलं होतं. शिकार शोधताना तो डोकं एका बाजूला कलवतो, त्यानं पाण्यावरच्या चकाकीचा त्रास कमी होतो, असं त्यात दाखवलं होतं. आपण लेन्सवर पोलरायझर लावतो, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश अडवू शकणारी फिरती काच. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या उतारानं पाहिलं तर परावर्तित प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवित असतो, म्हणून या कोनात पोलरायझर फिरवताच पृष्ठभागावरची चकाकी नाहीशी होते आणि आतला मासा दिसू लागतो. त्याच्या बदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश मात्र द्यावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं).

चिखलात आडवं पडून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढावा, असं सगळेच सांगतात. तसे फोटो देखणे येतात, शंका नाही. पण इतक्या सपाट कोनात पाणी आरसा होतं, पोलरायझरचंही काही चालत नाही आणि मासा बाहेर येईपर्यंत दिसतच नाही. मला पाण्याखालचं नाट्य हवं असतं, म्हणून मी जांभ्याच्या जुन्या बांधावर बसतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तोंड खाडीच्या मुखाकडे.

वेळेसाठी आपल्याकडची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी संपते, म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपास. ठिकाणानुसार ही वेळ मागेपुढे होते, पण आदल्या दिवशी ठरवायला तेवढं पुरतं. पाणी उतरत असतानाचे शेवटचे दोन तास सोन्यासारखे. उधाणाला पाणी फार लांब जातं आणि पक्षीही त्याच्यामागे जातात. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या दिवसांत ते जवळ राहतात, म्हणून मला अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस आवडतात.

पक्ष्याच्या मागे मात्र जाऊ नये. ओहोटीची ही थोडकी वेळ म्हणजे त्याचं जेवणाचं ताट. आपण दहा पावलं पुढे टाकली की तो उडतो, आणि पट्ट्यात कोंडलेले मासे त्याच्या हातचे जातात. बांधावर आधी जाऊन बसलं तर तासाभरात तो आपणहून समोर येतो.

गेल्या माघात असंच झालं. करडा बगळा बांधापासून पंधरा पावलांवर आला. पाय उचललेला, मान पुढे, मग थबकली. मी बटण दाबून धरलं. घरी येऊन फ्रेम एकामागून एक पाहिल्या. एका फ्रेममध्ये चोच पाण्याला टेकायला बोटभर अंतर होतं आणि पाण्याखाली बोयीचं पिल्लू स्वच्छ दिसत होतं. मी पडद्यावर पट्टी ठेवली आणि चोचीची रेघ पुढे वाढवली. ती पिल्लाच्या पोटाखालून गेली. पुढच्या फ्रेममध्ये डोळ्यावर तिसऱ्या पापणीचा दुधाळ पापुद्रा आलेला आणि चोच पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखी दिसत होती. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये पिल्लू चोचीत आडवं, शेपटीवरून पाणी निथळतंय. बगळ्यानं ते दोनदा उडवून फिरवलं, तोंडाकडून आत घेतलं, म्हणजे पंखांचे काटे घशात उलटे लागत नाहीत, आणि चोच पाण्यात खळबळून तो पुढच्या पट्ट्याकडे चालू लागला.