सभासद-दर आणि दुकानाची सूट: मोटरहोमचे टायर घेताना होणारा घोळ

अमेरिकेत मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) बाळगणाऱ्यांच्या टायरची नक्षी क्वचितच झिजते. गाडी वर्षातले कित्येक महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत असतानाच रबर म्हातारं होतं. मिशेलिन कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला आणि दहा वर्षांनी दिसायला कितीही चांगला असला तरी तो काढायला सांगते. दोन ॲक्सलच्या गाडीला सहा टायर लागतात, मागे टॅग ॲक्सल (भार वाटून घेणारा जादा ॲक्सल) असेल तर आठ. रक्कम मोठी असते, म्हणून जो तो सवलत शोधतो, आणि इथेच दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे सभासद-दर. १९६३ साली सुरू झालेल्या एफएमसीए (फॅमिली मोटर कोच असोसिएशन) सारख्या मोटरहोमधारकांच्या संघटनेने टायर कंपनीशी करार केलेला असतो. या करारात टायरचा दर दुकानदार नव्हे, कंपनी ठरवते. तुम्ही सभासद क्रमांक आणि क्रेडिट कार्ड देऊन कंपनीच्या योजनेत नाव नोंदवता. दुकानदार योजनेतलं तुमचं खातं शोधून टायर बसवतो, टायरचे पैसे कंपनी तुमच्या कार्डावर लावते आणि दुकानदाराला टायर सुपूर्द केल्याचा ठरावीक मोबदला देते. फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि जुन्या टायरची विल्हेवाट याचं बिल मात्र दुकानाचं, दुकान लावेल त्या दराने.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानाची सूट: सेल, रिबेट (खरेदीनंतर परत मिळणारी रक्कम), किंवा मोठी खरेदी म्हणून कमी केलेला भाव. तो माल दुकानदाराचा, त्यातला नफाही त्याचाच, म्हणून तिथे घासाघीस चालते.

सभासद-दर हे कूपन नाही. कार्ड दाखवून “तुमच्या भावातून एवढे कमी करा” असं म्हणता येत नाही, आणि त्यावर दुकानाचा रिबेटही सहसा चढत नाही. सहभागी दुकानं कोणतीही असोत, टायरचा दर तोच राहतो. फरक पडतो तो कामाच्या बिलात. टायरवर फारसा नफा सुटत नसल्यामुळे काही दुकानं फिटिंग चढं लावतात, काही तर काउंटरवरच “आम्ही ही योजना घेत नाही” म्हणतात. म्हणून यादीत नाव दिसलं तरी आधी फोन करावा. तोही कारच्या टायरवाल्याला नको, ट्रकचं काम करणाऱ्या दुकानाला करावा. साडेबावीस इंची चाकं आणि तेवढी जड गाडी उचलायची सोय तिथेच असते.

आता हिशोब. कमाल भारक्षमता ३,५०० पौंडांहून जास्त असलेल्या टायरवर केंद्रीय अबकारी कर लागतो: वरच्या दर १० पौंडांमागे ९.४५ सेंट. ६,१७५ पौंड क्षमतेच्या टायरवर हा कर सुमारे २५ डॉलर होतो. एक दुकान तो भावात धरून सांगतं, दुसरं बिलात वेगळा लावतं. समजा, सभासद-दर ५२० डॉलर, कर वेगळा २५ आणि फिटिंग ८०, म्हणजे ६२५. शेजारचं दुकान करासह ५६० सांगतंय आणि फिटिंग ४५, म्हणजे ६०५. टायरच्या आकड्यात ४० डॉलरनी स्वस्त दिसणारा सभासद-दर प्रत्यक्षात प्रतिटायर २० डॉलरनी महाग पडला, सहांचे १२० झाले. राज्याचा विक्रीकर दोन्हीकडे लागेलच. दोन्ही दुकानांकडून “सगळं धरून, गाडी बाहेर पडताना किती?” हा एकच आकडा लेखी घ्यावा.

दोन आकडे तोलताना टायर एकच आहे ना, हेही बघा. २२५/७०आर१९.५ हे माप एफ आणि जी अशा दोन लोड रेंजमध्ये (भार पेलण्याच्या श्रेणींत) मिळतं. एकेरी चाकासाठी एफची क्षमता हवेच्या ९५ पीएसआय दाबाला ३,६४० पौंड, जीची ११० पीएसआयला ३,९७० पौंड. स्वस्त कोटेशन बऱ्याचदा एफचं निघतं. चालकाच्या जागेजवळच्या स्टिकरवर जी असेल तर एफ घेऊ नये, किती का पैसे वाचेनात. फोनवर माप, लोड रेंज आणि मॉडेलचं पूर्ण नाव तिन्ही सांगा.

तारीखही विचारा. टायरच्या बाजूवर उमटवलेल्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वयानेच बाद होणाऱ्या मालात दोन वर्षं गोदामात पडलेला टायर म्हणजे दोन वर्षांचे पैसे गेले. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो. मागच्या जुळ्या (शेजारी-शेजारी बसवलेल्या) चाकांत ती बाजू आत गेली की वाचता येत नाही, तेव्हा बसवण्याआधी सहाही टायर पाहून घ्या.

सभासद-दराने घ्यायचं ठरलं तर नोंदणी आठवडाभर आधी उरका. दुकानात गाडी जॅकवर चढल्यावर खातं सापडत नाही, ही नेहमीची अडचण आहे. कार्डाची मर्यादा सहा टायरना पुरेल ना, हे बघून बँकेला आधी कळवा. एकदम तीन-चार हजार डॉलर लागले की बँक व्यवहार अडवू शकते.

गाव सोडून हजार मैलांवर टायर गेला, तर मात्र सभासद-दर खरा उपयोगी पडतो. अनोळखी दुकानदाराला तुमची अडचण दिसत असते, पण टायरचा भाव त्याच्या हातात नसतो.

टायर कसेही घ्या, साडेबावीस इंची हब-पायलट (मधल्या हबवर नेमक्या बसणाऱ्या) चाकांचे २२ मिमीचे नट टॉर्क रेंचने ४५० ते ५०० फूट-पौंडांना आवळून घ्या, आणि ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा तपासा. ही फेरतपासणी फुकट आहे का, हेही कोटेशन घेतानाच विचारून ठेवा.