ट्रायलमधल्या बायका आणि ट्रायल चालवणाऱ्या बायका

कॅन्सर संशोधनात आता बायका भरपूर दिसतात, असं कोणी म्हणालं की मी लगेच विचारते, रुग्ण म्हणून की प्रमुख म्हणून? क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांच्या सहभागाने केलेल्या औषध-उपचारांच्या शास्त्रीय चाचणीत, किती स्त्रियांवर औषध तपासलं गेलं, हा एक प्रश्न. ती ट्रायल कोणी आखली, तिची प्रमुख संशोधक म्हणजे पीआय कोण, हा दुसरा. भाषणांत आणि बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते, आणि पहिल्याचं उत्तर बरं आलं की दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

मुंबईतलंच उदाहरण घेऊ. १९९८ साली परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने इथल्या झोपडपट्ट्यांमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणीची मोठी ट्रायल सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, वस्त्यांचे २० गट. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी तपासणी, उरलेल्यांत फक्त माहिती देणं. तपासणाऱ्या आरोग्यसेविकाही दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायका. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, आणि गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून कुठे पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहायला त्या शिकल्या. एवढ्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. गरीब वस्तीतल्या बाईच्या जिवासाठी झालेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता दोन्ही प्रश्न लावून पाहा. सहभागी शंभर टक्के स्त्रिया, दारोदार फिरणाऱ्याही स्त्रियाच. संशोधकांच्या चमूत डॉ. गौरवी मिश्रा यांच्यासारख्या डॉक्टर होत्या. पण शोधनिबंधांवर पहिली नावं डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. इंद्रनील मित्रा यांची. म्हणजे सहभाग पुरेपूर असताना नेतृत्व पुरुषांकडे असू शकतं.

याच्या उलटही घडतं. टाटाच्याच डॉ. वनिता नोरोन्हा यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरवर ३५० रुग्णांची ट्रायल केली. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आहे अशा रुग्णांना गेफिटिनिब या औषधाच्या गोळीसोबत केमो दिली तर आजार सरासरी ८ ऐवजी १६ महिने आटोक्यात राहतो, हे २०२० मध्ये छापून आलं. रुग्ण स्त्रियाही, पुरुषही. नेतृत्व मात्र बाईचं.

टाटाच्याच डॉ. सुप्रिया चोप्रा यांची ट्रायल मला जास्त जवळची वाटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेतलेल्या बाईचा आजार बरा होतो, पण आतड्याचा त्रास वर्षानुवर्षं मागे लागतो. रोज लोकलने विरार किंवा कल्याणहून येणाऱ्या बाईला सारखी संडासची घाई होणं म्हणजे काय, हे मुंबईकर बाईला सांगावं लागत नाही. या ट्रायलने मुख्य प्रश्न हाच धरला. स्कॅनच्या प्रतिमांच्या आधारे नेमकं दिलेलं रेडिएशन वापरल्यावर तीन वर्षांत हा त्रास सुमारे २१ टक्के रुग्णांना झाला, जुन्या पद्धतीत सुमारे ४२ टक्क्यांना. पुरुष डॉक्टरला हा प्रश्न सुचलाच नसता, असं माझं म्हणणं नाही. पण काय मोजायचं हे पीआय ठरवते, आणि म्हणून ती खुर्ची महत्त्वाची.

गोंधळ सर्वांत जास्त होतो तो ट्रायलच्या खोलीत. समजा, जळगावची एक बाई दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला आली आहे. तिला संमतिपत्र मराठीत समजावून सांगणारी कोऑर्डिनेटर बाई. रक्त घेणारी सिस्टर बाई. पुढची तारीख फोन करून कळवणारीही बाईच. तिच्या दृष्टीने ट्रायल बायकाच चालवतात. पण संमतिपत्रात 'शंका असल्यास यांच्याशी संपर्क साधा' म्हणून दिलेलं पीआयचं नाव वाचलं की खरं उत्तर मिळतं. कोऑर्डिनेटरच्या कष्टांशिवाय एकही ट्रायल उभी राहत नाही, पण प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, बदलायचा अधिकार तिच्याकडे नसतो. रुग्णांचं हित जपणाऱ्या एथिक्स कमिटीचंही तसंच. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांनुसार तिथे एक तरी स्त्री सदस्य लागते, पण ती कमिटी ट्रायलला मंजुरी देते, ट्रायल चालवत नाही.

सहभाग आणि नेतृत्व, दोन्हींवरचे उपायही वेगळे. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या ट्रायलमधून बाहेर ठेवलं जायचं. १९९३ मध्ये ते धोरण बदललं आणि सरकारी पैशावरच्या संशोधनात स्त्रियांना घेणं कायद्यानेच बंधनकारक झालं. त्याने रुग्णांच्या यादीत बायका आल्या, पीआयच्या खुर्चीवर आपोआप आल्या नाहीत. सहभागासाठी प्रवासखर्च हवा, मराठी कागद हवा, नवऱ्याला न विचारता सही करायची मोकळीक हवी. नेतृत्वासाठी हवा संशोधनाला राखून ठेवलेला वेळ, पहिलं छोटं अनुदान, आणि संध्याकाळी सातच्या मीटिंगला मूल कोणी सांभाळायचं याचं उत्तर. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत कॅन्सरवर संशोधन करता करता १९७३ मध्ये इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन उभी केली. त्या संस्थेच्या वाशीच्या वास्तूत नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आहे, पाळणाघरही आहे. गरज काय आहे, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं.

स्वतः तपासायचं असेल तर सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलची सरकारी ऑनलाइन नोंदणी सगळ्यांना खुली आहे. २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. कोणतीही नोंद उघडा. रुग्ण निवडीच्या निकषांत लिंगाचा रकाना दिसेल, तो सहभागाचा. पीआयचा रकाना वेगळा, वरच्या बाजूला. अनेक केंद्रांच्या ट्रायलमध्ये खाली प्रत्येक हॉस्पिटलच्या पीआयचीही यादी असते. तिथे मुंबईच्या डॉक्टर बाईचं नाव दिसलं तरी तेवढ्यावर थांबू नका. ती त्या केंद्राची प्रमुख असते. अख्ख्या ट्रायलचे प्रमुख कोण, ते वरच्या रकान्यात पाहा.