कॉर्क ओकचा ऱ्हास

कॉर्क ओक (क्वेर्कस सुबेर) हा पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया अशा पश्चिम भूमध्य देशांतला सदाहरित वृक्ष. बाटलीचे बूच त्याच्या सालीचे. महाराष्ट्रात पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड वेगळ्याच कुळातले. त्याची साल बुचाला हलका पर्याय म्हणून वापरत, एवढेच नाते.

१९८० च्या दशकापासून स्पेन-पोर्तुगालमध्ये हे ओक मोठ्या प्रमाणात वाळू लागले. स्पेनमध्ये या मरीला ‘ला सेका’ म्हणतात. औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत भूमध्य प्रदेश सुमारे १.५ अंश सेल्सियसने तापला आहे. उन्हाळा कोरडा असणे तिथे नवे नाही. आता तो लांबतो आणि हिवाळी पावसाची तूट घेऊनच सुरू होतो. पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रे मिटते, की अन्न बनवणे थांबते. उघडी ठेवली, तर खोडातल्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे अडकून शेंडा वाळतो.

तरीही नुसत्या तहानेने झाड क्वचितच मरते. ‘फायटॉप्थोरा सिनामोमी’ हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओल्या मातीत पसरतो आणि बारीक मुळ्या कुजवतो. १९२२ मध्ये तो सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून नोंदला गेला. पावसाळी हिवाळ्यात मुळ्या गमावलेल्या झाडाला उन्हाळ्यात खोलातले पाणी ओढता येत नाही. म्हणून दुष्काळामागून येणारा जोराचा पाऊस नेहमीच दिलासा नसतो. दुसरी एक बुरशी निरोगी झाडातही गुपचूप राहते. झाड तहानले की साल फोडून कोळशासारखा काळा थर बाहेर काढते.

साल काढण्याचा हंगाम मे ते ऑगस्ट, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. कुऱ्हाडीने उभी चीर पाडून दांड्याच्या टोकाने साल उचकटतात. मग तांबूस, उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवतात, कारण पोर्तुगालमध्ये पुढची साल किमान ९ वर्षांनीच काढता येते. पण तहानलेल्या झाडाची साल सुटत नाही. तरीही ओढली, तर आतला जिवंत थर फाटतो आणि ती जखम झाडाला आयुष्यभर पुरते. अशा वर्षी हात आवरणे हाच खरा उपचार, पण पीक सोडणे मालकाला परवडत नाही.

जुन्या झाडांखाली नवी रोपे फारशी दिसत नाहीत. ओकची फळे डुकरे खातात, कोवळी रोपे गुरे-मेंढ्या खुडतात आणि उरलेली पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. जे रोप जगते, त्याची पहिली साल सुमारे २५ वर्षांनी निघते. बाटलीच्या बुचाजोगी साल मात्र तिसऱ्या खेपेला, म्हणजे ४० वर्षे उलटल्यावर.