तोंड आलंय? आधी तारीख लिहून ठेवा

आमच्या दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

पहिला घास तोंडात जातो, डोळ्यांत टचकन पाणी येतं आणि माणूस आरशासमोर उभा राहून ओठ उलटा करून बघतो. आत पिवळट-पांढरा गोल चट्टा, भोवती लाल कड. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "कुठलं जेल लावू?" आम्ही विचारतो, "किती दिवस झाले?" उत्तर बहुधा "असतील आठ-दहा" असं मोघम मिळतं. म्हणून एक विनंती: व्रण दिसला त्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करा. मोबाइलवर फोटो काढलात तर आणखी बरं.

नेहमीचा व्रण 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेची कड, जिभेखालची मऊ जागा ही त्याची ठिकाणं. पहिले तीन-चार दिवस चांगलाच झोंबतो, मग उतरणीला लागतो आणि 7 ते 14 दिवसांत खूण न ठेवता भरून येतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. 1 सेंटिमीटरहून मोठा व्रण मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो आणि मागे वण ठेवू शकतो.

ओठाच्या बाहेरच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका आला, तर ते प्रकरण वेगळं. हा हर्पिस विषाणू, आणि तो पसरतो. खपली धरून बरं होईपर्यंत पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळं ठेवा, फोडांना लावलेला हात डोळ्यांना लावू नका आणि तान्ह्या बाळाची पापी तर मुळीच घेऊ नका. यावरचं औषध चुणचुण सुरू होताच घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. व्रणावरचं उरलेलं स्टेरॉइड मलम इथे लावू नका.

पुसल्यावर निघणारा आणि खाली लालसर जागा दाखवणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो. रात्रभर कवळी तोंडात ठेवणाऱ्यांना आणि स्टेरॉइडचा इन्हेलर ओढून चूळ न भरणाऱ्यांना तो जास्त होतो. पुसूनही न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर दुखायची वाट पाहू नका, दाखवायला या.

आता कारणांकडे. आम्ही दातांची माणसं, त्यामुळे आमचा पहिला संशय दातावर. एका बाईंच्या जिभेच्या उजव्या कडेला दर महिन्याला त्याच जागी व्रण यायचा. तीन जेलं झाली, जीवनसत्त्वाच्या गोळ्याही झाल्या. आम्ही दाढेवरून बोट फिरवलं तर तुटलेल्या सिमेंटची करवतीसारखी कड लागली. ती घासून गुळगुळीत केली, पाच मिनिटांचं काम, आणि व्रण यायचा थांबला. तुमचाही व्रण एकाच जागी येत असेल तर त्या व्रणाला लागणाऱ्या दाताच्या, तारेच्या किंवा कवळीच्या कडेवरून जीभ फिरवून बघा.

जागा बदलत वारंवार तोंड येत असेल तर लोह, बी-12 आणि फोलेट रक्तात तपासून घ्या. न तपासता वर्षभर बी-कॉम्प्लेक्स खाणं आम्हाला पटत नाही. खरी कमतरता कशाची आणि ती का झाली, हे त्यातून कळतच नाही. काही जणांना टूथपेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही, ते नसलेली पेस्ट महिनाभर वापरून पाहा. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट, हृदयविकारातल्या छातीदुखीवरचं निकोरँडिल आणि काही वेदनाशामकांनीही व्रण येतात, पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. ताण, जागरण यांचाही हात असतो. आणि तंबाखू सोडल्यावर काही दिवस तोंड येऊ शकतं. ते तात्पुरतं असतं, त्या भीतीने पुन्हा सुरू करू नका.

बहुतेक व्रणांना कोमट पाण्याच्या पेलाभरात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरणं आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. आम्ही ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची तोंडात लावायची पेस्ट लिहून दिली असेल तर ती झोपताना लावा. आधी व्रण कापसाने टिपून कोरडा करा, कणभर पेस्ट बोटावर घेऊन नुसती टेकवा. चोळलीत तर ती भुरभुरीत होऊन निघून येते. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने दात पिवळे-तपकिरी पडतात, तेव्हा तो सांगितले तेवढेच दिवस वापरा आणि पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास जाऊ द्या. बधीर करणारी बेंझोकेनची जेलं 2 वर्षांखालच्या मुलांना लावू नका. ॲस्पिरिनची गोळी व्रणावर धरून ठेवणारेही भेटतात. त्याने तिथली कातडी भाजते आणि एका व्रणाचे दोन होतात.

दोन आठवडे उलटूनही व्रण भरला नाही तर थांबू नका, तिसरा आठवडा घरी काढू नका. न दुखणारा, कडा टणक लागणारा व्रण, मानेत गाठ, गिळायला त्रास किंवा जीभ बधिर होणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी फोन करा. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. अंगावर पुरळ, ताप, डोळे लाल होणं किंवा गुप्तांगावरही व्रण असतील तर तेही संकोच न करता सांगा, कारण मग आजार फक्त तोंडाचा नसतो.

येताना चालू औषधांची यादी, वापरात असलेली पेस्ट आणि लावून झालेल्या जेलच्या ट्यूब पिशवीत घालून आणा. कवळी असेल तर तीसुद्धा, डबीत नको, तोंडात घालूनच या.